आईच्या हातांचा दाखला

क्लेटन रुओनाने बुटांच्या खोक्यातून पावत्यांचा गठ्ठा काढला, त्याचं रबर सोडवलं आणि ते स्वतःच्या मनगटात अडकवून घेतलं. टेबलापलीकडे मार्जरी सालो, म्हणजे सालोबाई, चष्मा पुसत होत्या. मार्च महिना होता. गावच्या वाचनालयाच्या तळघरात लोकांचे कराचे कागद फुकट भरून द्यायला तीन टेबलं मांडली होती, आणि तिन्हींवर गावातलीच निवृत्त माणसं बसली होती. सालोबाईंनी क्लेटनला आठवीत गणित शिकवलं होतं. त्यामुळे बासष्टाव्या वर्षीही तो त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर टेकून बसला होता.

त्याच्या शेजारी रोझाली होती. बेकरीतलं काम आटोपून ती थेट आली होती. तिच्या कोटाला अजून वेलचीचा वास होता. ती क्लेटनच्या घरी राहायला आली त्याला आता वर्ष होत आलं होतं. लग्न उन्हाळ्यात करायचं म्हणत होते.

"यंदा तुझं उत्पन्न एवढं कसं फुगलं रे?" बाईंनी विचारलं. "रस्त्यावरचा बर्फ काढणं तर तू केव्हाच सोडलंस."

"निवृत्तीच्या खात्यातले पैसे काढले. आईच्या सीडर बेंडसाठी."

"काढलेस म्हणजे ते उत्पन्नात धरले जातात."

"कळलं ते. काढून झाल्यावर कळलं."

सीडर बेंड हे गावाबाहेरचं शुश्रूषागृह. क्लेटनची आई लेम्पी मागच्या वसंतापासून तिथे होती. बाईंनी वर्षाच्या बिलांची बेरीज करून पाहिली, मग पुन्हा केली, आणि पेन्सिल कानामागे खोचली.

"हे बघ. आईचा निम्म्याहून जास्त खर्च तूच करतोस, तेव्हा तिच्या औषधपाण्याची वजावट तुला मिळते. प्रश्न एवढाच, की ती तिथे कशासाठी आहे. मुख्य कारण शुश्रूषेचं असेल, तर खोलीभाडं, जेवण, सगळं औषधोपचारात धरता येतं. कारण दुसरं काही असेल, तर फक्त नर्स आणि औषधं. आता या दोन आकड्यांत फार मोठा फरक पडतो."

"किती?" रोझालीने विचारलं.

"कराचा म्हणशील तर, नऊ हजार डॉलरच्या आसपास."

क्लेटनने मनगटावरचं रबर ताणलं.

"मग त्यात विचार कसला?" रोझाली म्हणाली. "त्या बर्फावर पडल्या. डॉक्टरांनी याला स्पष्ट सांगितलं, यांना आता घरी ठेवू नका. मी तर म्हणत होते, मी आहे ना, बघीन. पण डॉक्टरच नको म्हणाले. हो ना, क्ले?"

बाईंनी क्लेटनकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला.

"लेखी दिलंय डॉक्टरांनी?"

"असेल कुठेतरी."

"असेल तर आण. नसेल तर सीडर बेंडच्या नर्सकडून दाखला घे. अंघोळ, कपडे घालणं, जेवण, उठणं-बसणं, संडास, आणि कपडे ओले न होणं, या सहांपैकी निदान दोन गोष्टी तिला दुसऱ्याच्या हाताशिवाय जमत नाहीत, असं लिहून हवं. तेवढं आणलंस की मी मोठा आकडा घालते."

बाहेर गाडीत बसल्यावर रोझाली खूश होती. नऊ हजारांत छपराचं काम होऊन जाईल, म्हणाली. क्लेटन रस्त्याकडे बघत होता.

डॉक्टर काहीच म्हणाले नव्हते. लेम्पी मागच्या फेब्रुवारीत परसदाराच्या पायरीवरून घसरली होती, हे खरं. पण ती आपली आपण उठली होती, कमरेला जांभळा डाग पडला होता, आणि दोन दिवस उशीवर बसून तिने कॉफी प्यायली होती. डॉक्टरांनी तपासून, बुटांना खिळ्यांचे पट्टे लावा, एवढंच सांगितलं होतं. क्लेटन जन्मल्यापासून त्या घरात आईबरोबर राहिला होता. लग्न जमलं नव्हतं, आणि जमलं नाही याचं त्याला पुढे पुढे काही वाटेनासं झालं होतं. मग साठी उलटल्यावर रोझाली भेटली. तिला घरी आणायचं म्हणजे आईसमोरून तिला आपल्या खोलीत न्यायचं, मधल्या भिंतीला नुसत्या फळ्या, आणि पलीकडे आईची खाट. हे त्याच्या मनाला कुठल्याही बाजूने जमेना. हे कुणाशी बोलावं असं त्याला वाटलं नाही. आईशी नाही, रोझालीशी तर नाहीच. एके दिवशी रोझालीशी फोनवर बोलताना त्याच्या तोंडून निघून गेलं: डॉक्टर म्हणतात, आईला आता तिथे ठेवावं लागेल. फोन ठेवून तो वळला, तर आई दारात उभी होती. तिच्या हातात धुतलेली कढई होती. तिने ती जागेवर टांगली आणि विचारलं, "कधीपासून म्हणतात?"

तो म्हणाला, पहिल्या तारखेपासून. तिने आपली बॅग आपणच भरली होती.

*

सीडर बेंडला दाखल्यासाठी तपासणी करणारी नर्स बाहेरून येई, मंगळवारी आणि शुक्रवारी. तिचं नाव लकास. तळमजल्यावरच्या माणसांशी तिचा फारसा संबंध येत नसे, कारण तिथे आपलं आपण करणारी माणसं राहत. शुक्रवारी ती क्लेटनबरोबर लेम्पीच्या खोलीत आली तेव्हा लेम्पी खिडकीपाशी बसून जुन्या चादरीच्या पट्ट्या कापत होती. चर्चमध्ये मागावर सतरंज्या विणत, त्यासाठी बोटाच्या रुंदीच्या पट्ट्या कापून त्यांचे गोळे करून द्यायचं काम तिने घेतलं होतं. पलंगावरची चादर ताणून बसवलेली होती.

"आजी, क्लेटनना करासाठी एक कागद हवाय," नर्स म्हणाली. "तुमचं तुम्हाला काय काय जमतं आणि काय जमत नाही, तेवढं बघायचंय. पाच मिनिटांचं काम."

लेम्पीने कात्री मिटली. क्लेटनकडे पाहिलं. तो कपाटाला टेकून, टोपी दोन्ही हातांत धरून उभा होता. तिने फार वेळ पाहिलं नाही.

"काय जमायला नको असतं?" तिने विचारलं.

नर्स हसली. "तसं नसतं, आजी. खरं काय ते सांगायचं. जेवता ना आपल्या हाताने?"

"जेवते."

"पलंगावरून उठता येतं?"

"येतं."

क्लेटनने श्वास सोडला. नाही जमायचं, त्याला वाटलं, आणि जरा बरंही वाटलं. आई आयुष्यात खोटं बोलली नव्हती. दुकानदाराने चुकून दिलेले सुटे पैसे परत करायला ती तीन मैल चालत गेली होती, आणि तेव्हा बर्फ गुडघाभर होता.

"अंघोळ?"

लेम्पीने चादरीचा उरलेला तुकडा घडी करून मांडीवर ठेवला.

"ती नाही होत," ती म्हणाली.

"कोण घालतं मग? इथे मदतीची नोंद दिसत नाही."

"कोणी नाही घालत."

"म्हणजे?"

"म्हणजे करत नाही मी. टबमध्ये पाय टाकता येत नाही. लिहून घे तसं."

नर्सने मान वर केली. "कधीपासून, आजी?"

"इथे आले तेव्हापासून."

खोलीत साबणाचा वास होता. खिडकीखालच्या सळीवर टॉवेल वाळत होता, अजून ओला. क्लेटन त्या टॉवेलकडे पाहू लागला आणि मग पाहीनासा झाला. घरामागच्या सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, भट्टी दर शनिवारी पेटवणारी ही बाई. न्हाल्याशिवाय तिने त्याला कधी रविवारच्या जेवणाला बसू दिलं नव्हतं. गावात कुणाच्या मानेवर मळ दिसला, तर ती त्या घराचं नाव घेऊन नुसती भुवई उचलत असे.

"यात लाजण्यासारखं काही नाही बरं का," नर्स हळू आवाजात म्हणाली, आणि तिने खुर्ची किंचित मागे घेतली. अगदी किंचित. लेम्पीच्या गालावर लाली चढली, ती कानापर्यंत गेली.

"कपडे? तो स्वेटर घालून दाखवता का जरा?"

लेम्पीने खुर्चीच्या पाठीवरचा राखाडी स्वेटर ओढून घेतला. उजवा हात डाव्या बाहीत घातला, थांबली, काढला. मग पुढून दोन्ही कडा जवळ आणल्या. बोटं बटणावर आली आणि तिथेच राहिली. नर्स कागदावर लिहायला वाकली तेव्हा लेम्पीने पायाने पट्ट्यांची टोपली पलंगाखाली सारली. कात्री टोपलीतच होती.

"आताशा होत नाही," ती म्हणाली. "क्लेटन, तू लाव."

तो जागचा हलला नाही.

"लाव ना रे. ती थांबलीय."

त्याने टोपी पलंगावर ठेवली, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि खालच्या बटणापासून सुरुवात केली. आईला त्याने आजवर कपडे घातले नव्हते. बटणं लहान होती आणि त्याची बोटं जाड. तिसऱ्या बटणाला तो अडखळला. लेम्पी त्याच्या डोक्यावरून समोर भिंतीकडे बघत होती. सहा बटणं होती.

नर्स दार ओढून गेली.

"किती वाचतील?" लेम्पीने विचारलं.

"नऊ हजार."

"एवढे." तिने मान हलवली. "रोझालीला अजून ते डॉक्टरचंच ठाऊक आहे ना?"

"हो."

"मग आता सगळ्यांचं म्हणणं जुळलं." तिने स्वेटरची सहाही बटणं भराभर काढली आणि तो खुर्चीवर टाकला. "इथे उकडतं फार. तू जा आता, दुपारनंतर वारा सुटणार आहे."

*

सालोबाईंनी दाखला दोनदा वाचला.

"अंघोळ आणि कपडे," त्या म्हणाल्या.

"हो."

"नाताळात चर्चमध्ये तिने चाळीस माणसांना कॉफी वाढली होती. ती मोठी किटली. मी म्हटलं, दे इकडे, तर ऐकेना."

आज रोझाली बरोबर नव्हती. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला त्या असाच वेळ देत, स्वतःहून खोडायला.

"या वयात काही सांगता येत नाही म्हणा," अखेर त्या म्हणाल्या आणि त्यांनी मोठा आकडा घातला. मग कागद त्याच्यापुढे फिरवला. "वाच आणि सही कर. वरची माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, असं लिहिलंय."

त्याने न वाचताच सही केली.

*

पुढचे दोन रविवार तो सीडर बेंडला गेला नाही. पहिल्या रविवारी बर्फ होता. दुसऱ्या रविवारी नव्हता, पण छपरावाला येणार होता. तिसऱ्या आठवड्यात गेला, तर तळमजल्यावरच्या त्या खोलीत एक टक्कल पडलेले गृहस्थ बसून रेडिओ ऐकत होते.

"लेम्पी ना? वरती हलवलं त्यांना," कचेरीतली मुलगी म्हणाली. "पत्र पाठवलं होतं आम्ही. दोन गोष्टींना मदत लागते असा दाखला झाला, की खाली ठेवता येत नाही. नियमच आहे."

पत्र घरात आलं होतं. सीडर बेंडचं पाकीट म्हणजे बिल, असं समजून त्याने ते तसंच फडताळात टाकलं होतं.

वरच्या मजल्यावर दोघींत एक खोली होती. मध्ये पडदा. पडद्यापलीकडे कुणीतरी एकसारखं दीर्घ श्वास घेत होतं. लेम्पी चाकांच्या खुर्चीत बसली होती, कमरेला पट्टा. तिच्या अंगात कुणाचातरी मोठ्या फुलांचा अंगरखा होता, मागून बांधायचा. पायांत नाडीचे बूट नव्हते. चिकटपट्टीचे सपाट जोडे होते. केस कुणीतरी विंचरले होते, पण भांग दुसऱ्या बाजूला पाडला होता.

"हे काय?" तो म्हणाला.

"सकाळी सातला दोघीजणी येतात," लेम्पी म्हणाली. "एक अंघोळ घालते, एक धरते. चांगल्या आहेत पोरी. बोलत असतात आपसात."

"पट्टा कशाला?"

"मी उठून चालायला लागले तर? माझ्या कागदावर तसं आहे म्हणे."

"आणि तुझ्या पट्ट्या? कात्री?"

"वर धारदार काही ठेवत नाहीत. टोपली चर्चला पाठवून दिली." तिने मांडीवरची घडी नीट केली. "अरे, रविवारी गाडी चर्चला नेते ना मला, एवढं पुरे. बरोबर एकीला यावं लागतं, पण नेतात."

"आई, तू त्यांना सांग. सांग की तुला येतं सगळं."

"आणि तुझ्या कागदाचं काय?"

तो खाली बसला. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून पलंगावर बसला. पडद्यापलीकडून तिथली एक मदतनीस बाई डोकावली. लेम्पीची अंघोळ झाली का, आज कपडे ओले झाले का, असं तिने लेम्पीला न विचारता क्लेटनला विचारलं. लेम्पीनेच उत्तर दिलं. बाईने ते ऐकून क्लेटनकडे बघून मान हलवली.

"तू इथे राहू नकोस," लेम्पी म्हणाली. "जेवणाची वेळ झाली. भरवतात ते बघू नकोस."

"भरवतात? जेवणाचं तर तू हो म्हणाली होतीस."

"चाळीस माणसं आहेत वर. सगळ्यांना एकसारखंच वागवतात."

*

त्याच दिवशी दुपारी त्याने रोझालीला सांगितलं. ती ओट्यापाशी पिठाचे हात धूत होती. त्याने आधी वरच्या मजल्याचं सांगितलं, मग स्वेटरचं, मग अंघोळीचं, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टरांचं. उलट्या क्रमाने सांगितलं तर हलकं जाईल असं त्याला वाटलं होतं. हलकं गेलं नाही.

रोझालीने नळ बंद केला. हात मात्र पुसले नाहीत.

"डॉक्टर काहीच म्हणाले नव्हते?"

"नाही."

"मी वर्षभर बेकरीत सगळ्यांना सांगतेय. बरा होईना बाई त्यांचा आजार, म्हणून. त्यांना भेटायला जाते तेव्हा मोठ्याने बोलते मी, क्ले. लहान मुलाशी बोलावं तसं बोलते. त्या ऐकून घेतात." ती खुर्चीवर बसली. "मला काय वाटलं असतं, असं वाटलं तुला? पहिल्या लग्नात मी सासूसासऱ्यांत वीस वर्षं काढली. एका न्हाणीघरात सात जण होतो आम्ही."

"मला लाज वाटली."

"कशाची?"

भिंतीकडे बोट दाखवणं त्याला जमेना. पण तिला कळलं असावं. तिने त्या फळ्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि तिला हसू येऊ पाहत होतं ते आलं नाही.

"एकदा विचारायचंस तरी," ती म्हणाली. "कुणाला तरी."

*

वाचनालयातल्या टेबलांचा तो शेवटचा आठवडा होता. भिंतीला लागून नऊ-दहा जण आपापले कागद मांडीवर घेऊन बसले होते. क्लेटनचा नंबर आला तेव्हा तो बसला नाही.

"बाई, माझा मोठा आकडा काढायचाय."

"बस आधी. काढायचा म्हणजे?"

"दुसरा घाला. नर्स आणि औषधं, तेवढाच."

"भरून गेलंय ते. दुरुस्तीचा वेगळा फॉर्म लागतो. आणि ते पैसे तुला भरावे लागतील, हप्त्यांनी का होईना." त्यांनी दाखला फायलीतून काढला. "हा चुकीचा आहे का?"

"नर्सची चूक नाही. आईने मुद्दाम तसं केलं. माझ्यासाठी. तिला सगळं येतं, ती रोज अंघोळ करते." त्याचा आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला होता. भिंतीकडची एक बाई आपल्या कागदांत तोंड घालून बसली. "आणि डॉक्टर काही म्हणाले नव्हते. मीच तिला तिथे नेऊन ठेवलं. रोझाली यायची होती म्हणून."

सालोबाईंनी दाखल्याची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"फॉर्मवर कारण लिहायला जागा नसते, क्लेटन," त्या हळूच म्हणाल्या. "नुसता आकडा बदलायचा असतो."

"हो. पण मला सांगायचं होतं."

त्यांनी मान हलवली आणि दुरुस्तीचा फॉर्म काढला. काम पाऊण तास चाललं. तेवढ्या वेळात दोघं आकड्यांखेरीज काही बोलले नाहीत. उठताना त्याला अंग हलकं वाटत होतं. तळघराच्या पायऱ्या तो भरभर चढला. गाडीत बसल्यावर त्याला जाणवलं की वर्षभरात आज पहिल्यांदाच आपल्याला भूक लागलीय.

तिथून तो थेट सीडर बेंडला गेला. कचेरीतल्या मुलीला सांगितलं, पुन्हा तपासणी करा. मंगळवारी नर्स येईल, ती म्हणाली; खालची खोली मात्र आता मोकळी नाही, यादीत नाव घालते. त्याने नाव घालायला सांगितलं आणि तो वर गेला.

लेम्पी खिडकीपाशी होती. सरोवरावरचा बर्फ किनाऱ्यापासून सुटला होता आणि मधे काळं पाणी दिसत होतं. त्याने खाली वाकून आधी तिचा पट्टा सोडला.

"आई, झालं सगळं. मी आकडा बदलून आलो. सालोबाईंना खरं सांगितलं. आता तुला कुणापुढे काही करून दाखवायला नको."

लेम्पीने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"मार्जरीला सांगितलंस?"

"हो. सगळं."

"काय सगळं?"

"डॉक्टरांचं. मी तुला इथे का आणलं ते."

"आणि माझं?"

त्याच्या आता ध्यानात आलं.

"मी नर्सपुढे खोटं बोलले, तेही सांगितलंस मार्जरीला?"

"तू माझ्यासाठी केलंस, असंच सांगितलं, आई."

"तिथे आणखी कोण होतं?"

त्याने भिंतीकडच्या माणसांचं सांगितलं नाही. पण गप्प बसला, आणि ते सांगितल्यासारखंच झालं.

लेम्पीने तोंड खिडकीकडे फिरवलं. तिच्या गालावर तशीच लाली चढत गेली, अंघोळीच्या प्रश्नाला चढली होती तशी.

"चाळीस वर्षं ती चर्चमध्ये माझ्या शेजारी बसते," ती म्हणाली. "एकाच पुस्तकातून गातो आम्ही. तिला दुरून दिसत नाही, म्हणून मी धरते पुस्तक." मग थोड्या वेळाने, "तुला मोकळं वाटलं असेल."

"वाटलं होतं," तो म्हणाला.

"हं."

जिन्यावर जेवणाच्या गाड्यांची खडखड सुरू झाली. तो मघाशी पट्टा सोडायला वाकला होता, तसाच अजून एका गुडघ्यावर होता. रोझालीने घरात मागची खोली झाडून ठेवली होती, भिंतीला जाड लाकूड मारून घेऊ म्हणाली होती. मंगळवारची तपासणी होती, यादीत नाव होतं. हे सगळं तो वर येताना मनात जुळवून आला होता, आणि आल्या आल्या सांगून टाकणार होता की आई, असं असं ठरवलंय. तो उठला आणि पलंगाच्या कडेवर बसला. कोट काढून बाजूला ठेवला.

"आई," तो म्हणाला, "तुला कुठे राहायचंय?"

लेम्पीने मान वळवली नाही. बर्फाचा एक मोठा तुकडा पाण्यात हळूहळू फिरत होता, ती तिकडे बघत होती. क्लेटनच्या ओठांवर दोनदा काही येऊन गेलं. त्याने ते बाहेर पडू दिलं नाही.

दारात पांढऱ्या पेहरावातली मुलगी आली, हातात ताट आणि गळ्यात बांधायचा रुमाल. "चला, लेम्पी आजी, जेवायचं ना?" ती क्लेटनकडे बघून म्हणाली.

"ठेव तिथे," लेम्पी म्हणाली. "जेवेन मी माझी. आमचं बोलणं चाललंय."